चार नंबरची भिंत

"सिस्टर, नाक भिंतीला लावा! भिंत काय चावत नाही."

रेश्मा काठावर उकिडवी बसून ओरडत होती. मी खाली पाण्यात, चार नंबरच्या ओट्याची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून, तळवे भिंतीला टेकवून लोंबकळत होते आणि मान जमेल तेवढी मागं ताणत होते. ती सांगत होती ते बरोबर आहे हे मला कळत होतं. पण माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, काठाच्या पन्हळीला काहीतरी लालसर, चिकट, तारा सुटलेलं लोंबत होतं आणि पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर माझ्याकडे येत होतं.

"अंग वर खेचा. अजून. हनुवटी खाली. टेक युवर मार्क!"

शिट्टी वाजली. मी मागं झोकून दिलं. तळवे निसटले, कंबर बुडाली आणि पाठ पाण्यावर अशी सणसणीत आपटली की पलीकडे डुंबणाऱ्या बायका एकदम "अगं आई गं" म्हणाल्या. नाकातोंडात पाणी गेलं ते वेगळंच.

"हाही स्टार्ट वाया गेला," रेश्मा म्हणाली. "सिस्टर, एक विचारू? तुम्ही भिंतीपासून लांब का पळता?"

"ये ना खाली. तूच बघ."

ती वाकली, तिनं बघितलं आणि तोंडावर हात धरून मागं सरकली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकतंच साठीत पाऊल टाकलं होतं. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून घरी बसले होते आणि घरी बसवत नव्हतं म्हणून पोहायला जात होते. उताणं पोहणं माझं लहानपणापासूनचं. वडिलांनी कृष्णेत पाठीला भोपळा बांधून सोडलं होतं, तेव्हा पालथी कमी आणि उताणीच जास्त तरंगले होते. म्हातारपणी त्यालाच बॅकस्ट्रोक म्हणतात आणि त्याच्या ज्येष्ठांसाठी राज्य स्पर्धा होतात, हे मला रेश्मा मुजावरनं सांगितलं. ती आमच्या गावच्या तलावावर बायकांना शिकवायची. विद्यापीठाकडून पोहलेली पोरगी होती, जीव लावून शिकवायची.

आदल्या वर्षी मी स्पर्धेत दुसरी आले होते. ठाण्याच्या सबनीसबाईंनी मला बोटभर अंतरानं मागं टाकलं होतं. बोटभरच. परतीच्या गाडीत मी रडले नाही, पण खिडकीकडे तोंड करून बसले. तेव्हा रेश्मा म्हणाली होती, "पोहण्यात त्या तुमच्या पुढं नव्हत्या, सिस्टर. तुम्ही सुरुवातीलाच भिंतीशी हरलात."

खरंच होतं ते. नदीला कुठं भिंत असते? बाकीच्या शर्यतींत ओट्यावरून सूर मारायचा असतो. बॅकस्ट्रोकवाल्यांनी पाण्यात उतरायचं, भिंतीकडे तोंड करून दांडी धरायची, अंग वर खेचून भिंतीला पालीसारखं चिकटायचं आणि इशारा झाला की डोकं मागं फेकून कमान करून उलटी झेप घ्यायची. भिंतीपासून अंग लांब राहिलं की ढुंगण खाली जातं, पाय घसरतात आणि झेपेऐवजी आपटी बसते. एवढं साधं गणित होतं. यंदा सबनीसबाईंना हरवायचं तर नाक भिंतीला लावायला हवं होतं. आणि नेमकं तेच माझ्याच्यानं होत नव्हतं.

मी नाजूक बाई नाही. उभ्या नोकरीत मी पू काढलाय, किडे पडलेल्या जखमा धुतल्यात, बाळंतिणीचं सगळं उपसलंय आणि त्याच हातांनी डबा खाल्लाय. पण थुंकी बघितली की माझ्या पोटात ढवळतं. त्यातून ती मावा खाऊन टाकलेली असली तर संपलंच. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना आणि त्यात माणसाच्या तोंडातलं सगळं. पाण्याला वाट म्हणून तलावाच्या काठाला आतून पन्हळ ठेवलेली असते. सगळे तिला गटरच म्हणतात आणि आमच्या तलावात ते नाव तिला शोभत होतं. आम्हा बायकांची बॅच पुरुषांच्या नंतर. शेवटच्या पंगतीला बसावं तसं उरलंसुरलं, खरकटलेलं आमच्या वाट्याला यायचं.

"दुसऱ्या ओट्यावर करू या ना," मी रेश्माला म्हणाले होते.

"बाकीच्यांच्या दांड्या हलतायत. एखादी हातात आली तर डोकं फुटंल तुमचं. चार नंबरचीच तेवढी घट्ट आहे."

म्हणजे चार नंबर सुटत नव्हता आणि चार नंबरवरच रोज न चुकता ती घाण असायची. तीन नंबर स्वच्छ, पाच नंबर स्वच्छ. कुणीतरी ठरवून माझ्याच नाकासाठी थुंकत असल्यासारखं.

मी घरी तक्रार केली. घरी म्हणजे तलावाच्या सेक्रेटरीकडेच. आमचे हे, जयसिंगराव फडतरे, निवृत्त हेडमास्तर, प्रभात जलतरण मंडळाचे सेक्रेटरी. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. पुरुषांच्या बॅचला रोज सर हजर. पोहायचे कमी आणि बोलायचे जास्त, पण हजर.

"हल्ली बाहेरगावची पोरं येतात," सर चहा पिता पिता म्हणाले. "त्यांना कसली शिस्त? बघतो मी. मुळावरच घाव घालतो."

त्यांनी लवंग तोंडात टाकली. सहा महिन्यांपासून त्यांना लवंगेची सवय लागली होती. दातांसाठी चांगली असते, असं म्हणायचे.

मुळावर घाव म्हणजे त्यांनी पाटी लावली. स्वतःच्या वळणदार अक्षरात, लाल रंगानं, 'तलावात थुंकणे हा स्वतःच्या आईच्या ताटात थुंकण्याचा प्रकार आहे.' लोक थांबून वाचायचे आणि सरांच्या अक्षराचं कौतुक करायचे. दुसऱ्या दिवशी चार नंबरला पुन्हा तेच. मग सरांनी सफाईवाल्या हिराबाईला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. आम्ही बायका तेव्हा कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येत होतो.

"पगार घेता ना? मग हे काय आहे? माझ्या बायकोला इथं तोंड घालावं लागतं!"

"मी रोज घासती की सर," हिराबाई हातातला खराटा न सोडता म्हणाली. "सकाळची पैली बॅच लागायच्या आदी आरशावानी करून ठेवती. परत कसं येतंय मला काय म्हाईत?"

"तोंड वर करून बोलू नका. आणखी एकदा दिसलं तर दुसरी बाई बघतो."

हिराबाई खाली मान घालून घासायला बसली. मला तिची दया आली, पण त्याहून जास्त ती घाण जाईल का याचीच चिंता होती. स्पर्धा महिन्यावर आली होती.

मग एकदा रेश्मा म्हणाली, "सिस्टर, उद्या लवकर या. पुरुषांच्या बॅचला कदम वकील असतात. त्यांचा स्टार्ट बघण्यासारखा आहे. वर पायऱ्यांवर बसा आणि नुसतं बघा. सांगून कळत नाही ते बघून कळंल."

मी गेले. सर माझ्या आधीच घरातून निघाले होते. मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर अगदी वर, खांबाच्या आडोशाला बसले. कदम वकील एक नंबरला होते. त्यांनी दोनतीन झेपा घेतल्या. छान होत्या. अंग कसं वर येतं, डोकं कसं मागं जातं आणि हात, डोकं, कंबर एकाच भोकातून पाण्यात कशी शिरतात, ते मी डोळ्यांत साठवत होते. तेवढ्यात माझं लक्ष चार नंबरकडे गेलं.

तिथं सर होते. एका हातानं दांडी धरून निवांत लोंबकळत होते. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग ओट्याच्या खालच्या फटीत हात घालून एक प्लास्टिकची पुडी काढली, चिमूट गालात दाबली आणि पुडी परत फटीत सारली. थोडा वेळ डोळे मिटून पाण्यात डोलत राहिले. चेहऱ्यावर असं समाधान की घरातल्या देवासमोरसुद्धा मी ते कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली. अंग वर खेचलं. हनुवटी खाली, छाती भिंतीला, नाक थेट पन्हळीला. रेश्मा मला इतके दिवस ओरडून जे शिकवत होती ते सरांना न शिकवता येत होतं. त्या अवस्थेत ते पन्हळीत थुंकले. तळव्यानं वरवर पाणी मारलं. अर्धं वाहून गेलं, अर्धं तिथंच चिकटून राहिलं, माझ्यासाठी.

मला उमासा आला. मी पदर तोंडात कोंबून बसून राहिले.

तो मावा मला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा डाग मीच शोधला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता सोडलंत तर वाचाल. तेव्हा त्यांनी आमच्या स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. पोरगी माहेरी बाळंतपणाला आलेली, आठवा महिना, आणि तिच्या डोक्यावर बापाचा हात. आम्ही तिघंही रडलो होतो. त्यानंतर मी कितीतरी लोकांना सांगितलं होतं, आमच्या सरांनी एका दिवसात सोडलं, मनाचा निग्रह बघा. दवाखान्यात तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना मी त्यांचं उदाहरण द्यायचे.

त्या दिवशी मी पोहले नाही. घरी आले. सर पेपर वाचत होते. लवंगेचा वास येत होता.

"काय गं, आज लवकर?"

"डोकं दुखतंय."

"उताणी पडून पडून पाणी शिरलं असंल कानात," ते हसले. "या वयात कसली हौस म्हणायची."

मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांचा चहाचा कप घासला. मग परत घासला. भांडले नाही. भांडले असते तर त्यांनी पुन्हा शपथ घेतली असती, आणि आता मला माव्यापेक्षा त्या शपथेचीच शिसारी आली होती. शिवाय स्पर्धा होती. रडून, ओरडून, जेवण टाकून मी हरले असते आणि पदक सबनीसबाईंना आयतं मिळालं असतं. ते मी होऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी चार नंबरला उतरले. घाण होतीच. ताजी होती.

"सिस्टर, थांबा, हिराबाईला बोलवते," रेश्मा म्हणाली.

"नको. शिट्टी मार."

मी दांडी धरली. अंग वर खेचलं. नाक भिंतीला लावलं, अगदी टेकवलं. सुपारीचे कण दिसत होते. चुन्याचा वास येत होता. मी डोळे उघडे ठेवले आणि बघत राहिले. हे कुणाच्या तोंडातलं आहे ते आता मला ठाऊक होतं. त्याच तोंडातला उष्टा घास मी लग्नात हसत हसत खाल्ला होता. शिट्टी वाजली आणि मी त्या भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब स्वतःला फेकलं.

आपटी बसलीच नाही. पाण्यात कधी शिरले ते कळलंसुद्धा नाही. वर आले तेव्हा पाच-सहा हात पुढं होते आणि रेश्मा काठावर नाचत होती.

"हाच! सिस्टर, हाच! काय केलंत?"

"नाक लावलं," मी म्हणाले.

त्या दिवसापासून स्पर्धेपर्यंत मी हिराबाईला चार नंबर घासू दिला नाही. ती चक्रावली. "सर मला हाकलतील की," म्हणाली. मी म्हटलं, सरांचं मी बघते.

नाशिकला स्पर्धेचा तलाव लख्ख होता. पांढऱ्या फरश्या, पन्हळीत नुसतं पाणी. सबनीसबाई शेजारच्याच लेनमध्ये होत्या, गोड हसल्या. मी नाक भिंतीला लावलं. तिथं काहीच नव्हतं, तरी मला तो वास आला. बस्स, तेवढं पुरलं. झेपेतच मी त्यांच्या पुढं निघाले आणि त्यांना मला गाठता आलं नाही. भिंतीला हात लावून वर बघितलं तर रेश्मा रडत होती. मी मात्र चूळ भरण्यासाठी स्वच्छ पाणी शोधत होते.

परत आल्यावर मंडळानं सत्कार ठेवला. रविवारी सकाळी, पुरुषांची बॅच संपता संपता, तलावाच्या काठावरच. ओल्या चड्ड्यांवर टॉवेल गुंडाळलेले पन्नासेक पुरुष, एका बाजूला आम्ही बायका, मध्ये टेबल, शाल, नारळ, पेढे. सरसुद्धा टॉवेलवरच होते. बरोबर त्यांच्या डोक्यावर त्यांचीच पाटी. मी हिराबाईला सकाळी निरोप धाडला होता की आज बॅचनंतर चार नंबरला हात लावू नकोस.

सरांनी भाषण केलं. आवाज जरा जाड येत होता.

"लोक विचारतात, या वयात हे यश कसं? मी सांगतो. शिस्त! स्वच्छता! निर्व्यसनीपणा! आमच्या घरात या तीन गोष्टींना तडजोड नाही. आणि आता गुपित सांगायला हरकत नाही. हिचा स्टार्ट कच्चा होता. तो घरी मी करून घेतला. रोज! भिंतीला उभं करून!"

टाळ्या पडल्या. रेश्मानं माझ्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. वर्षभर घसा फोडलेला तिनं, आणि तिचं नाव कुठं आलंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग दाखवा की सर!" कदम वकील ओरडले. "गुरूचा स्टार्ट बघू या!"

"दाखवा, दाखवा!" सगळ्यांनी उचलून धरलं.

"अहो, आज हिचा दिवस आहे," सर म्हणाले.

"माझीही तीच इच्छा आहे," मी म्हणाले. "दाखवाच. चार नंबरला. तिथलीच दांडी घट्ट आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत होते. पन्नास माणसांसमोर ते काय बोलणार? टॉवेल काढला, पाण्यात उतरले, दांडी धरली. मी शाल पांघरलेली, हातात नारळ, तशीच काठाशी जाऊन त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. खाली पन्हळीला सकाळचा माल तसाच लोंबत होता. सरांनी तो बघितला आणि मान मागं ताणली. मी ताणायचे तशीच.

रेश्माला यातलं काही ठाऊक नव्हतं. शिट्टी तिच्या हातात होती आणि शिकवायची सवय तिच्या तोंडात. ती ओरडली, "सर, नाक भिंतीला लावा! भिंत काय चावत नाही."

सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांनी वर बघितलं. मी खाली वाकले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "लावा. तुमचंच आहे."

त्यांचा चेहरा उतरला. कधीपासून मला माहीत आहे, याचा ते हिशोब लावत असावेत. मग त्यांनी अंग वर खेचलं आणि नाक पन्हळीजवळ नेलं. टेकवलं नाही, जवळ नेलं. तेवढ्यानंच त्यांना उमासा आला. नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. हात सुटले, ते मागच्या मागं आपटले, बुडाले, आणि वर आले ते ठसकत, डोळे पांढरे करून, तोंड वासून. भाषणभर गालात दाबून ठेवलेला मावा बाहेर आला आणि निळ्या पाण्यावर सगळ्यांच्या देखत पसरला.

कुणी हसलं नाही. कुणीतरी पाटीकडे बघितलं, मग एकेक करून सगळ्यांनी बघितलं. हिराबाई खराटा घेऊन पुढं आली. पाण्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"सेक्रेटरी," ती म्हणाली, "आता ह्ये कुनी घासायचं?"

सर शिडीनं वर आले. खराट्यासाठी त्यांनी हात पुढं केला. हिराबाईनं दिला. ते चार नंबरपाशी गुडघ्यांवर बसले आणि घासू लागले. माणसं पेढे न खाताच पांगली.

आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. घरात आल्या आल्या मी स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली आणि बॅटरी आणली.

"बसा."

"कुमुद, एवढ्या लोकांत तू..."

"तोंड उघडा."

"शपथ घेतो, यापुढं..."

"शपथ नको. तोंड उघडा."

ते बसले. तोंड उघडलं. लवंग, चुना, तंबाखू आणि त्याखाली आणखी कसला तरी, दवाखान्यातल्या तोंडाच्या वॉर्डात यायचा तो वास. मी चमच्याच्या दांड्यानं त्यांचा डावा गाल बाजूला केला. लांबून नीट दिसत नव्हतं.

मी नाक जवळ नेलं. डाग होता, पूर्वी होता तिथंच. पण आता पांढरा नव्हता, लाल झाला होता, आणि कडेला चिघळला होता.

"दिसतंय का काही?" त्यांनी उघड्या तोंडानंच विचारलं. डोळ्यांत पाणी होतं.

"बोलू नका," मी म्हणाले आणि नाक आणखी जवळ नेलं.